अर्जदार मरतो, तेव्हा अर्जाचे काय होते?

(एका व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय काहीसा रुक्ष आहे आणि ऐकावयास अप्रियही आहे. माणसाने आपल्या हक्कासाठी न्यायालयात अर्ज केला, आणि निकाल लागण्यापूर्वी तो मरण पावला, तर त्या अर्जाचे पुढे काय होते, हा तो विषय होय. घरात मृत्यू झाला की आपण वंदना घेतो, पुण्यानुमोदन करतो, आप्तेष्टांना बोलावितो. परंतु मृताच्या नावे कोर्टात पडून असलेल्या कागदांची आठवण त्या दिवसांत कोणास होत नाही. ती होते तेव्हा बहुधा मुदत टळून गेलेली असते. म्हणून ही गोष्ट आपण शांतपणे, आधीच, समजून घेतली पाहिजे.

हक्काचे दावे वर्षानुवर्षे चालतात. महाडच्या चवदार तळ्याचा दावा १९२७ साली दाखल झाला आणि मुंबई हायकोर्टाचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. दहा वर्षांत माणसे म्हातारी होतात, आजारी पडतात, मरतात. प्रतिपक्षाजवळ पैसा असतो आणि सवडही असते. आपल्या माणसाजवळ बहुधा दोन्ही नसतात. तारखा लांबवीत राहावे, म्हातारा आज ना उद्या जाईल आणि दावाही त्याच्याबरोबर जाईल, असा हिशेब करणारे लोक आहेत. हा हिशेब कायद्याने बरोबर आहे काय? याचे उत्तर असे की, काही ठिकाणी तो बरोबर आहे, पुष्कळ ठिकाणी तो चूक आहे, आणि जेथे तो चूक आहे तेथेही आपल्या अज्ञानामुळे तो बरोबर ठरतो.

जुना नियम आणि त्याचा विपरीत परिणाम

इंग्लंडच्या कायद्यात एक जुने लॅटिन वचन होते. त्याचा आशय असा की, माणसाच्या देहाला किंवा अब्रूला झालेल्या इजेबद्दलची फिर्याद ही त्या माणसाबरोबरच मरते. जमीन, घर, पैसा यांचे हक्क वारसाकडे जातात. परंतु वेदना आणि अपमान हे ज्याचे त्याचे, ते वारशाने मिळत नाहीत, अशी त्यामागची समजूत होती. हाच विचार आपल्याकडे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३०६ मध्ये उतरला आहे. ते कलम सांगते की, मृताचे दावा चालविण्याचे सर्व हक्क त्याच्या मागे शिल्लक राहतात. मात्र बदनामी, हल्ला आणि ज्या इजेमुळे मृत्यू आला नाही अशी अन्य वैयक्तिक इजा, यांबद्दलचे दावे शिल्लक राहत नाहीत. तसेच ज्या मागणीचा मृत्यूनंतर काही उपयोगच उरत नाही, तीही शिल्लक राहत नाही.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. समजा, दोघा भावांना गावात मारहाण झाली. एक त्या मारानेच मेला. दुसरा वाचला, त्याने नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला, आणि चार वर्षांनी तापाने मेला. पहिल्याच्या मृत्यूबद्दल वारस भरपाई मागू शकतात. दुसऱ्याच्या माराबद्दलचा दावा मात्र, निकालापूर्वी तो मेला म्हणून, संपतो. माणूस तोच, मारणारा तोच, काठीही तीच. पण कायद्याच्या दृष्टीने परिणाम वेगळा.

बदनामीच्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हा भेद आणखी स्पष्ट केला. वादी निकालापूर्वी मेला, किंवा त्याचा दावा फेटाळला जाऊन तो अपिलात असताना मेला, तर प्रकरण संपते. परंतु त्याच्या हयातीत त्याच्या बाजूने हुकूमनामा झाला असेल, तर ती रक्कम त्याच्या मिळकतीचा भाग होते, आणि प्रतिवादीच्या अपिलाला तोंड देण्याचा हक्क वारसांना मिळतो. तेव्हा ज्याचा अर्जदार वृद्ध वा आजारी आहे, त्याने प्रकरण लवकर चालविण्याचा अर्ज द्यावा. हा अर्ज साधा आहे, त्याला वेगळा पुरावा फारसा लागत नाही, आणि वयाचा दाखला व डॉक्टरचा कागद जोडला की न्यायाधीश त्याचा विचार करतात.

शासनाविरुद्धचा अर्ज

आता दुसरी बाजू पाहा. शेजाऱ्याने केलेली इजा निराळी आणि शासनाने आपल्या मूलभूत हक्कावर घातलेला घाला निराळा. संविधानाच्या कलम ३२ ला बाबासाहेबांनी संविधानसभेत संविधानाचा आत्मा म्हटले होते, ते याच कारणाने. हक्क लिहून ठेवणे सोपे असते. तो हक्क मोडला गेला असता दाद कोठे मागावी हे सांगणे महत्त्वाचे असते.

ओरिसातील एका मातेने १४ सप्टेंबर १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. तिच्या बावीस वर्षांच्या मुलास पोलिसांनी १ डिसेंबर १९८७ रोजी चौकीवर नेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वेच्या रुळांवर सापडले. न्यायालयाने ते पत्र हाच अर्ज मानला. २४ मार्च १९९३ रोजी निकाल झाला. नीलाबती बेहेरा विरुद्ध ओरिसा राज्य या नावाने तो प्रसिद्ध आहे. मुलाचा मृत्यू पोलीस कोठडीतील इजांनी झाला असे ठरवून न्यायालयाने मातेस १,५०,००० रुपये भरपाई देवविली. त्यापेक्षा मोलाची गोष्ट त्या निकालातील तत्त्वात आहे. शासनाने जीविताचा हक्क मोडला असता भरपाई देणे ही संविधानातून निघणारी जबाबदारी आहे, आणि राज्य सार्वभौम आहे ही सबब तेथे चालत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्याचा हक्क मोडला तो बोलण्यास जिवंत नव्हता. तरीही हक्क मेला नाही. तो मातेच्या पत्रातून बोलला.

हायकोर्टात कलम २२६ खाली अर्ज करून अर्जदार मेला, तर दिवाणी कायद्यातील वारस लावण्याचे नियम तेथे अक्षरशः लागू होत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पूरणसिंग यांच्या प्रकरणात म्हटले. परंतु त्याचबरोबर हेही म्हटले की, हक्क शिल्लक राहत असेल तर वारसांनी वाजवी वेळात न्यायालयापुढे आले पाहिजे. ‘वाजवी’ या शब्दावर विसंबून झोपी जाऊ नका. जो वारस चार वर्षांनी उगवतो त्याला न्यायाधीश पहिला प्रश्न हाच विचारतात की, आपण इतके दिवस कोठे होता?

राष्ट्रीय व राज्य मानवी हक्क आयोगांची वाट याहून मोकळी आहे. १९९३ च्या कायद्याप्रमाणे पीडिताच्या वतीने कोणीही इसम तक्रार करू शकतो, आणि आयोग पीडितास किंवा त्याच्या कुटुंबीयांस भरपाई देण्याची शिफारस करू शकतो. मात्र घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करीत नाही, हे कलम ३६ मध्ये लिहिलेले आहे. आणि शिफारस म्हणजे हुकूम नव्हे, हेही विसरू नये.

फौजदारी प्रकरणे

अत्याचाराची फिर्याद देणारा मेला म्हणजे केस गेली, ही समजूत आपल्या वस्त्यांतून सर्रास आढळते. ती साफ चुकीची आहे. पोलिसांनी नोंदविलेला गुन्हा हा शासन विरुद्ध आरोपी असा चालतो. फिर्यादी हा त्यातील साक्षीदार असतो, मालक नसतो. तो मेला तरी खटला उभा राहतो. जेथे माणसाने पोलिसांऐवजी थेट मॅजिस्ट्रेटकडे खासगी फिर्याद केली आहे, तेथे प्रश्न येतो. पण तेथेही मुंबईच्याच एका प्रकरणात मार्ग निघाला. लग्नाच्या नावाखाली फसवणूक झाल्याची फिर्याद एका स्त्रीने केली होती. ती मध्येच वारली. तिच्या आईने फिर्याद पुढे चालविण्याची परवानगी मागितली. आरोपीने हरकत घेतली आणि ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६७ च्या निर्णयसंग्रहात आलेल्या अश्विन व्यास यांच्या निकालाने आईची बाजू उचलून धरली.

अगदी अलीकडे, २०२५ साली, खेमसिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. आरोपी सुटल्यानंतर पीडिताने अपील केले आणि अपील चालू असताना तो वारला, तर त्याचा वारस ते अपील पुढे चालवू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. अपील करण्याचा हक्क द्यावयाचा आणि ते शेवटास नेण्याचा द्यावयाचा नाही, हे सुसंगत नव्हे.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या एखाद्या तरुणास शिक्षा झाली, त्याने अपील केले आणि तो वारला, तर अपील संपते आणि शिक्षेचा कलंक कायम राहतो. परंतु आईबाप, पती वा पत्नी, मुलेबाळे, भाऊ किंवा बहीण यांनी तीस दिवसांच्या आत परवानगी मागितली, तर अपील चालू राहते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद कलम ३९४ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नव्या संहितेतही ती आहे. मृताचे नाव निष्कलंक करून घेणे हाही कुटुंबाचा हक्क आहे.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याबद्दल आपणा नवदीक्षित कुटुंबांना एक शंका नेहमी येते. धम्मदीक्षा घेतल्यावर हा कायदा आम्हांस लागू राहतो काय? १९९० साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झाला. म्हणून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्या माणसाचे हे संरक्षण धर्मांतराने जात नाही. या कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने ‘पीडित’ या शब्दाच्या व्याख्येत नातेवाईक आणि कायदेशीर वारस घातले गेले. आरोपीच्या जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास व त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांस मिळाला. खून झाला असता २०१६ च्या नियमांप्रमाणे ८,२५,००० रुपयांचे साहाय्य ठरले आहे. अर्धे शवविच्छेदनानंतर आणि अर्धे आरोपपत्र न्यायालयात गेल्यानंतर. त्याखेरीज विधवेस व अवलंबितांस निवृत्तिवेतनाचीही तरतूद आहे. या गोष्टी कोणी घरी आणून देत नाही. त्या जिल्हाधिकाऱ्याकडे लेखी मागाव्या लागतात.

पुरावा हा आणखी एक मुद्दा. माणूस मेला तरी त्याचे शब्द मरत नाहीत, जर ते योग्य वेळी टिपून ठेवले असतील. मरणाच्या कारणाविषयी मृताने केलेले निवेदन, ज्यास आपण मृत्युपूर्व जबानी म्हणतो, ते पुराव्यात ग्राह्य आहे. डॉक्टरचा शेरा नाही एवढ्याच कारणाने ती जबानी टाकून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी २००२ साली लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सांगितले आहे. तसेच फिर्यादीची साक्ष न्यायालयात होऊन त्याची उलटतपासणीची संधी आरोपीस मिळालेली असेल, तर फिर्यादीच्या मृत्यूनंतरही ती साक्ष त्याच खटल्यात वाचता येते. म्हणून वृद्ध साक्षीदाराची साक्ष आधी घ्यावी, असा आग्रह सरकारी वकिलाकडे धरा.

ज्याला कोणीच नाही त्याचे काय?

आतापर्यंत आपण वारसांविषयी बोललो. पण ज्याला आई नाही, बाप नाही, बायकामुले नाहीत, त्याच्या हक्कासाठी मृत्यूनंतर कोण उभे राहील? या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात झाला आहे. हे न्यायालय फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे आहे. त्याचे निकाल आपल्या देशास बंधनकारक नाहीत. परंतु विचार हा सरहद्द पाहून थांबत नाही.

तेथील साधा नियम असा. अर्ज केल्यावर अर्जदार मेला, तर जवळचे नातेवाईक इच्छा असल्यास तो पुढे चालवितात. रुमानियातील दाल्बान या पत्रकारास बदनामीबद्दल शिक्षा झाली होती. अर्ज प्रलंबित असता तो वारला. त्याच्या विधवेने अर्ज चालविला आणि १९९९ साली न्यायालयाने ठरविले की त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला होता. दुसरा प्रकार ऑस्ट्रियाचा. कार्नर नावाचा इसम व्हिएन्नात आपल्या जोडीदाराच्या भाड्याच्या घरात राहत होता. जोडीदार वारल्यावर, दोघेही पुरुष असल्यामुळे, भाडेकरूचा हक्क त्यास नाकारला गेला. अर्ज चालू असताना २००० साली कार्नरही वारला आणि त्याच्या आईने वारसा नाकारला. आता अर्ज पुढे नेण्यास कोणीच उरले नाही. तेव्हा न्यायालय म्हणाले की, हा प्रश्न एका माणसापुरता नाही, त्यात सर्वांच्या हिताचे तत्त्व आहे. म्हणून आम्ही निकाल देऊ. २००३ साली तो निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला.

या उदारपणास मर्यादाही आहे. स्पेनमधील सांपेद्रो या पंगू झालेल्या माणसाने इच्छामरणाचा हक्क मागितला होता. तो १९९८ साली मरण पावल्यावर त्याच्या नातलग स्त्रीने स्ट्रासबुर्गला अर्ज केला, तो २००० साली अग्राह्य ठरला. हा हक्क त्याच्या एकट्याचा होता, तो दुसऱ्याकडे जात नाही, असे न्यायालयाने म्हटले. अर्ज मृत्यूपूर्वी झालेला असणे आणि मृत्यूनंतर करणे, यांत केवढे अंतर पडते ते यावरून दिसेल.

आणि आता तो खटला, ज्यासाठी मी आपणांस इतक्या दूर नेले. रुमानियात रोमा नावाचा समाज आहे. त्यांच्या भाषेवरून त्यांचे पूर्वज भारतातून गेले असे विद्वान मानतात. युरोपात शतकानुशतके त्यांना गावाबाहेर ठेवले गेले. हंगेरीतील त्यांच्यापैकी काहींनी बाबासाहेबांचे विचार स्वीकारले, आणि तेथे ‘जय भीम’ या नावाची संस्था व डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा उभी राहिली, हे आपणांपैकी काहींना ठाऊक असेल. या रोमा समाजात १९८५ साली व्हॅलेंटिन कांपेआनू जन्मला. जन्मतःच तो टाकून दिला गेला. अनाथालयात वाढला. त्यास एच.आय.व्ही. ची बाधा होती आणि बुद्धीची वाढ खुंटलेली होती. अठरा वर्षे पूर्ण होताच त्यास अनाथालयातून काढून एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत पाठविण्यात आले, आणि शेवटी तो एका मनोरुग्णालयात पोहोचला. २० फेब्रुवारी २००४ रोजी एका कायदेविषयक संस्थेचे निरीक्षक तेथे गेले असता, तो त्यांना एकट्या खोलीत, थंडीच्या दिवसांत शेकोटीवाचून, अंथरुणावाचून, अंगात केवळ वरचा कपडा अशा स्थितीत आढळला. त्यास आपल्या हाताने खाता येत नव्हते. बाधा होईल या भीतीने कर्मचारी त्यास हात लावीत नव्हते, असे निरीक्षकांनी नोंदविले. त्याच सायंकाळी तो मेला.

शिवण्याची भीती आणि त्या भीतीने येणारा मृत्यू, हे आपल्या समाजास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

रुमानियाचे सरकार न्यायालयात म्हणाले की, मृताने या संस्थेस कधी वकीलपत्र दिले नव्हते, संस्था त्याची नातलग नाही, म्हणून अर्ज फेटाळावा. वरवर पाहता हा आक्षेप कायद्यास धरून होता. परंतु १७ जुलै २०१४ रोजी मोठ्या पीठाने तो फेटाळला. त्याच्या हयातीत शासनाने त्यास पालक नेमून दिला नव्हता. त्यास नातलग नव्हते. त्याच्या मृत्यूविषयी त्या संस्थेनेच देशातील न्यायालयांत दाद मागितली होती आणि तेथे कोणी तिच्या अधिकारास हरकत घेतली नव्हती. अशा स्थितीत संस्थेस नकार दिला, तर शासन स्वतःच्याच चुकीचा लाभ घेऊन जबाबदारीतून सुटेल, असे न्यायालयाने सांगितले. जीविताच्या हक्काचा भंग झाला, असा निर्णय झाला. ज्यास जगात आपले म्हणावयास कोणी नव्हते, त्याच्या नावाने आज युरोपचा कायदा ओळखला जातो.

आपण काय करावे

या सर्वांतून आपल्या घरासाठी काय घ्यावयाचे? दिवाणी दाव्यात मृत्यूच्या तारखेपासून ९० दिवसांत वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्यावा लागतो. न दिल्यास दावा त्या पक्षकारापुरता आपोआप संपतो. वकील लोक त्यास ‘अबेट झाला’ म्हणतात. त्यानंतर ६० दिवसांत तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज करता येतो. त्याही पुढे उशीर झाला तर सबळ कारण दाखवून विलंब माफ करून घ्यावा लागतो. एकदा संपलेल्या दाव्याच्या कारणावर नवा दावा लावता येत नाही. म्हणून मृत्यूनंतर पहिल्या महिन्यातच वकिलास मृत्यूचा दाखला नेऊन द्या. पक्षकाराच्या मृत्यूची खबर न्यायालयास देणे हे त्याच्या वकिलाचे कर्तव्य कायद्यात सांगितलेले आहे. पण ती खबर वकिलास देणे हे आपले काम आहे.

वारस कोण, याचे उत्तर बौद्धांच्या बाबतीत १९५६ चा हिंदू वारसा कायदा देतो, कारण तो कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत पुरुषाच्या मागे विधवा, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गात येतात. मुलींची नावे वगळू नका. ते अन्यायाचेही आहे आणि पुढे प्रतिपक्षास हरकत घेण्यास जागा देणारेही आहे. बौद्ध विधीने झालेल्या विवाहाची नोंद करून ठेवा, नाही तर ऐन वेळी विधवेसच आपण पत्नी असल्याचे सिद्ध करीत बसावे लागते. दीक्षेनंतर नाव वा आडनाव बदलले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी, शाळेचा दाखला आणि शिधापत्रिका यांत मेळ घाला. बापाच्या कागदावर एक नाव आणि मुलाच्या कागदावर दुसरे, एवढ्याने चांगला दावा रखडतो.

आणि शक्य असेल तेथे एकट्याने अर्ज करू नका. पाण्याचा, स्मशानाचा, रस्त्याचा हक्क हा एका माणसाचा नसतो. चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेब व त्यांचे सहकारी हे साऱ्या अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी होते. प्रातिनिधिक दाव्यात एक माणूस गेला तर समाजातील दुसरा पुढे येऊ शकतो. चार कुटुंबांनी मिळून केलेला अर्ज एका म्हाताऱ्याच्या श्वासावर अवलंबून राहत नाही.

कायद्यात उणिवा आहेत, त्या मी लपविल्या नाहीत. कलम ३०६ मधील जुना विचार बदलला पाहिजे, यासाठी आपण मागणी केली पाहिजे. पण जे आज कायद्यात आहे तेही आपण घेत नाही, हे दुःख अधिक मोठे आहे. आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसाचा एखादा अर्ज कोठे प्रलंबित असेल, तर आज घरी गेल्यावर त्यास त्या अर्जाचा क्रमांक विचारा, तो वहीत लिहून ठेवा, आणि वकिलाचे नाव व पुढची तारीख त्याखाली लिहा. ते आज विचारता येते. उद्या विचारण्यास तो माणूस असेलच, असे कोणी सांगू शकत नाही.